'आधी' म्हणजे कुणाच्या आधी? टिळकांचं घर आणि मत्तयाचा सहावा अध्याय

(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय दिला आहे 'रोजच्या ख्रिस्ती जीवनात देवाला प्रथम स्थान'. या विषयावरची इतकी प्रवचनं आपण ऐकली आहेत की पुढचं वाक्य कुठलं येणार हे आपल्याला पाठ झालंय. पहाटे उठा. फोन हातात घेण्याआधी बायबल हातात घ्या. पगारातला पहिला भाग देवाचा, आठवड्याचा पहिला दिवस देवाचा. यातलं काही चुकीचं आहे असं आमचं म्हणणं नाही. आम्हीही हेच ऐकत वाढलो आणि जमेल तेव्हा जमेल तसं करत आलो.

पण आज आम्हाला फक्त एका शब्दापाशी थांबायचं आहे. 'आधी'. देव आधी, म्हणजे कशाच्या आधी? कुणाच्या आधी? आणि देवाला आधी ठेवल्यावर जे मागे राहतं, ते मागे कोण थांबून सांभाळतं? हा प्रश्न प्रवचनात सहसा येत नाही. तो स्वयंपाकघरात येतो. म्हणून आम्ही आज प्रवचनाऐवजी एक पुस्तक घेतलं आहे, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग 1934 साली आला, शेवटचा लक्ष्मीबाई गेल्यावर. मराठीतलं श्रेष्ठ आत्मचरित्र म्हणून ते सगळ्यांना माहीत आहे. शाळेत आपण त्यातले उतारे वाचले, हसलो. आमचं म्हणणं एवढंच आहे की मत्तयाच्या सहाव्या अध्यायावर मराठीत जी भाष्यं झाली त्यात हे सगळ्यात प्रामाणिक भाष्य आहे, आणि आपण ख्रिस्ती वाचकांनी ते तसं वाचलेलं नाही.

कल्याणची शाळा आणि नागपूरची गाडी

सुरुवात आपल्याच गावापासून करू. नारायण वामन टिळक मूळ कोकणातले, जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. पण त्यांचं प्राथमिक शिक्षण झालं कल्याणला, 1869 ते 1873 या काळात. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली 1853 साली आणि पुढच्याच वर्षी, मे 1854 मध्ये, रूळ कल्याणला पोचले. म्हणजे हा मुलगा कल्याणात शाळेला जात होता तेव्हा गावात आगगाडी येऊन पंधरा वर्षं झाली होती. पुढे नाशिकला संस्कृत, मग भटकंती, कविता, नोकऱ्या धरणं आणि सोडणं.

आणि मग 1893 च्या सुमाराचा तो प्रसंग, जो आपल्या मंडळ्यांमध्ये सगळ्यांना ठाऊक असतो. टिळक नोकरीच्या शोधात नागपूरकडून राजनांदगावला निघालेत. डब्यात एक गोरा मिशनरी भेटतो. गप्पा होतात, कवितेच्या, धर्माच्या. उतरताना तो त्यांना नवा करार देतो आणि सांगतो की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना सुरुवातीला पुस्तक फारसं आवडलं नाही, पण वाचीन असा शब्द दिला होता म्हणून वाचत राहिले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले. तिथून त्यांना पुढे हलता येईना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

डोंगरावरचं प्रवचन म्हणजे मत्तय पाच, सहा, सात. सहाव्याच्या शेवटी येशू अन्नाची, वस्त्राची, उद्याची काळजी करू नका म्हणतो. पाखरांकडे, रानफुलांकडे बघायला सांगतो. आणि मग ते प्रसिद्ध वाक्य, की देवाच्या राज्याच्या आणि त्याच्या नीतिमत्त्वाच्या मागे पहिल्याने लागा, बाकीचं तुम्हाला त्याबरोबर मिळेल. टिळकांच्या पुढच्या सगळ्या आयुष्यावर या भागाची छाप आहे असं आम्हाला वाटतं. ज्या माणसाला गाडीच्या डब्यात शास्त्र मिळालं त्याची गोष्ट आपल्याला, म्हणजे रोज डब्यात उभं राहून फोनवर दोन वचनं वाचणाऱ्या डोंबिवलीकरांना, जवळची वाटते. पण त्या गाडीत लक्ष्मीबाई नव्हत्या. त्यांना हे सगळं नंतर, बातमी म्हणून कळलं.

टिळकांचं 'आधी'

आता नीट बघा हं. टिळकांबद्दल आमच्या मनात आदर आहे. मराठी मंडळ्या आजही उपासनेत त्यांची गीतं गातात. परदेशी चालीवर तोलून मापून केलेल्या ओळींच्या जागी त्यांनी अभंगाचा श्वास आणला. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते मानत. त्यांच्याकडे दुसऱ्याचं दुःख बघून थांबण्याची शक्ती नव्हती. खिशात असेल ते देऊन टाकायचं, घरखर्चाचे पैसे असले तरी. रस्त्यावरचा माणूस घरी आणायचा, अनाथ मुलं आणायची, दहा पाहुणे आणायचे. आणि मनात आलं की न सांगता घरातून निघून जायचं.

या सगळ्याला त्यांच्या मनात एकच नाव होतं, आणि ते खरंही होतं. देव आधी. 1917 साली त्यांनी हे टोकाला नेलं. मिशनची पगारी सेवा सोडली, ख्रिस्ती संन्यासी झाले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. विचार म्हणून हे फार मोठं आहे, मराठी ख्रिस्ती इतिहासात याला जोड नाही. दोनच वर्षांनी, मे 1919 मध्ये, ते गेले.

संन्यासाची ही कल्पना काही मिशनरींनी आणलेली नव्हती, ती आपल्या मातीतली. आणि मराठी माणसाच्या डोक्यात 'आधी' या शब्दाचे दोन जुने अर्थ आहेत. एक रामदासांचा. दासबोधात त्यांनी संसार नीट सांभाळून मग परमार्थाकडे वळायला सांगितलं. दुसरा तुकोबांचा, जिथे विठ्ठलाचा धावा सुरू झाला की दुकान, शेत, कर्जाच्या वह्या मागे पडतात. टिळक दुसऱ्या वाटेचे. आता तुकोबांच्या घरात कोण होतं? जिजाई, जिला आपण आवली म्हणतो. मराठी परंपरेनं आवलीचं काय केलं हे तुम्हाला ठाऊक आहे. कीर्तनात, सिनेमात ती कजाग बायको. पोरं उपाशी आहेत म्हणून ती बोलते आणि आपण हसतो. तिच्या बाजूनं लिहिलेलं तिच्या हातचं एक पान आपल्याकडे नाही.

टिळकांच्या घरातल्या बाईनं मात्र लिहिलं. टिळकांनीच तिला लिहायला वाचायला शिकवलं, हे त्यांचं श्रेय मोठं आहे आणि ते त्यांना द्यायलाच हवं.

लक्ष्मीबाईंनी काय लिहिलं

'स्मृतिचित्रे' वाचताना आपली एक चूक होते. लक्ष्मीबाई विनोदानं लिहितात, त्यामुळे आपण हसून पुढे जातो. घरातले पैसे संपल्याचा प्रसंग, टिळक गायब झाल्याचा प्रसंग, दारात अचानक माणसं उभी राहिल्याचा प्रसंग, सगळे हसत सांगितलेले. चर्चमधला वाचक त्यातून टिळकांची महानता काढतो. बाहेरचा वाचक लक्ष्मीबाईंचा खेळकरपणा काढतो. दोघंही एक गोष्ट सोडून देतात. या बाई हिशोब देत आहेत. देवाला आधी ठेवणाऱ्या माणसाच्या घरात पीठ कुठून आलं, पाणी कुणी भरलं, ताप आलेल्या मुलापाशी रात्री कोण बसलं, याचा हिशोब. त्यात तक्रार नाही असं म्हणतात. आम्हाला वाटतं तक्रार आहे, पण सूड नाही. नवऱ्यावर प्रेम करत करत त्याचं ओझं किती होतं ते सांगणं सोपं नसतं, आणि त्या हे सांगत होत्या टिळक जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर, जेव्हा ते आपल्या सगळ्यांसाठी संतपदाला पोचले होते.

बाप्तिस्म्याचाच प्रसंग घ्या. देव आधी म्हणून टिळकांनी एक पाऊल टाकलं. त्या पावलानं कर्मठ घरात वाढलेली त्यांची बायको एका लहान मुलाला घेऊन नवरा असून नसल्यासारखी झाली. ना सवाष्ण, ना विधवा. लोकांच्या नजरा तिनं सोसल्या. जवळपास पाच वर्षं दोघं वेगळी. मग ती परत नवऱ्याकडे आली, पण त्याच्या धर्मात नाही आली. नगरला सुरुवातीला सोवळं, पाणी वेगळं ठेवून राहिली. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हेही त्यांच्या खात्यावर जमा.

मग तिच्या आत जे झालं ते बघण्यासारखं आहे. एका रात्री झोप येईना म्हणून ती विचार करत पडली होती. जात देवानं केली असती तर ती माणसाच्या अंगावर दिसली असती, प्राण्यांमध्ये दिसते तशी. माणसात तर बाई आणि पुरुष एवढंच दिसतं. मग ही जात कुणाची? सकाळी ती कुणाच्याही हातचं खायला मोकळी झाली. बाप्तिस्मा नंतर, 1900 साली.

इथं 'देव आधी' कसा आला ते पाहा. गाडीत पुस्तक मिळालं नाही, प्रवचनाला गेली नाही. तिचा देव पाण्याच्या घागरीच्या आधी आला. म्हणजे घागर कुणी शिवली, या प्रश्नाच्या आधी देवानं माणूस केला हे सत्य आलं. आणि ते आल्याबरोबर रोजचं वागणं बदललं, त्याच दिवशी, त्याच स्वयंपाकघरात. पुढे प्लेगच्या दिवसांत आजारी मुलींची शुश्रूषा करायला ही बाई स्वतःहून उभी राहिली. ज्यांच्या सावलीलाही तिच्या वडिलांच्या घरात जागा नव्हती अशा पोरी. यालाच आम्ही शास्त्र जगणं म्हणतो. त्यात ती शास्त्रवचन कुठलं ते सांगतही नाही.

एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. लक्ष्मीबाईंनी हे पुस्तक मत्तयावर भाष्य म्हणून लिहिलं नाही. त्या आठवणी आहेत, त्यात धर्मशास्त्र शोधू नका, असं कुणी म्हणेल. मान्य. पण याच बाईंनी टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हातात घेतलं. टिळकांनी दहाअकरा अध्याय केले होते, लक्ष्मीबाईंनी साठाहून अधिक लिहिले. येशूचं सगळं चरित्र ओवीत आणणारी बाई शुभवर्तमान जाणत नव्हती असं कसं म्हणणार? ज्या काळात त्या 'ख्रिस्तायन' लिहीत होत्या साधारण त्याच काळात आठवणी लिहून होत होत्या. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा अशी आमची विनंती आहे. समीक्षकांनी 'स्मृतिचित्रे' साहित्याच्या कपाटात ठेवलं आणि 'ख्रिस्तायन' धर्माच्या. त्या दोन कपाटांमुळे आपलं नुकसान झालं.

'तू' आणि 'तुम्ही'

आता शास्त्राकडे येऊ. मत्तयाचा सहावा अध्याय घरी जाऊन मराठीतून मोठ्यानं वाचा, आणि फक्त सर्वनामं ऐका. दान देण्याबद्दल बोलताना, उपासाबद्दल बोलताना, खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगताना येशू एकवचनावर येतो. तू. तुझी खोली, तुझा पिता. पण काळजी करू नका म्हणताना आणि राज्य पहिल्याने शोधा म्हणताना अनेकवचन आहे. तुम्ही. मूळ ग्रीकमध्येच असं आहे, आणि मराठी भाषांतरानं ते जपलं आहे. आजच्या इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे इंग्रजीतून आलेल्या भक्तिपर पुस्तकांमध्ये आणि व्हिडिओंमध्ये हा फरक हरवतो. तिथे 'देव प्रथम' म्हणजे माझी शांत वेळ, माझी वही, माझा कोपरा.

आणि मराठीत दुसरी गंमत होते. 'तुम्ही' आपण आदरार्थीही वापरतो. त्यामुळे वचन वाचताना घरातल्या कर्त्या माणसाला वाटतं, हे मला उद्देशून आहे, आदरानं. नाही हो. ते सगळ्यांना मिळून सांगितलंय. खोली तुझी एकट्याची, राज्य तुम्हा सगळ्यांचं. प्रार्थनासुद्धा त्याच अध्यायात शिकवली आहे, आणि तिथे भाकर 'आमची' मागितली आहे, 'माझी' नाही. भाकर मागणं हे कमी दर्जाचं नाही, तेही राज्याच्या मागणीशेजारीच बसलं आहे. या सगळ्याची तुम्हाला गरज आहे हे पित्याला ठाऊक आहे, असं वचन म्हणतं. गरज खोटी आहे असं म्हणत नाही.

मग आज्ञा जर सगळ्या घराला मिळून असेल, तर एकानं देवाला आधी ठेवायचं आणि त्याची किंमत दुसऱ्यानं भरायची, ही रीत त्या आज्ञेत बसते का? आमच्या मते नाही बसत.

यावर शास्त्रानं स्वतःच अडसर घालून ठेवला आहे. मार्काचा सातवा अध्याय बघा. काही लोक आपली मालमत्ता देवाला अर्पण केली असं जाहीर करायचे आणि त्या कारणानं म्हाताऱ्या आईबापांना मदत द्यायचं टाळायचे. येशू त्यांच्यावर चिडतो. तुमच्या या रीतीनं तुम्ही देवाचं वचनच रद्द करता, असं तो त्यांना सुनावतो. म्हणजे देवाचं नाव घेऊन घरच्यांचा हक्क मागे टाकणं याला येशू देव आधी म्हणत नाही. दशांशाची प्रवचनं ऐकताना एलीया आणि सारफथच्या विधवेची गोष्ट आपल्याला हमखास सांगितली जाते, तिनं आधी संदेष्ट्याला भाकर दिली म्हणून. तिथेही पूर्ण गोष्ट वाचा. मागणारा स्वतः उपाशी होता, आणि शेवटी ती, तिचं घर आणि तो, सगळ्यांनी मिळून खाल्लं. घरभाडं थकलेल्या बाईकडून पाकीट घेऊन एसी हॉलचा हप्ता भरण्याची गोष्ट ती नव्हे.

टिळकांना या अडसरात बसवायचं का? आम्ही बसवत नाही. त्यांनी स्वतःसाठी काही ठेवलं नाही, जे दिलं ते दुसऱ्या भुकेल्याला दिलं. पण घरातल्या माणसाला न विचारता दिलं. एवढी खोट आम्ही मोजतो, आणि लक्ष्मीबाईंनीही ती मोजली आहे.

आमची पहाट

आता स्वतःबद्दल थोडं सांगणं भाग आहे, नाहीतर हे सगळं दुसऱ्याच्या घराबद्दल बोलणं होईल.

आम्ही कल्याण आणि डोंबिवलीतली काही कुटुंबं एकत्र बायबल वाचतो. मध्यंतरी आम्ही ठरवलं की दिवसाचा पहिला अर्धा तास देवाला. पहाटे पाचला फोनवर सगळ्यांनी जोडायचं, एक उतारा, प्रार्थना, साडेपाचला संपलं. उत्साह मोठा होता. तीन महिन्यांत फोनवर फक्त पुरुष उरले. आम्ही काय केलं असेल? बहिणींनी आळस टाकावा म्हणून एक उतारा निवडला. मार्था आणि मरीया. तो वाचून झाल्यावर आमच्यातल्या एक ताई बोलल्या. म्हणाल्या, दादा, साडेपाचची गाडी पकडायला तुम्हाला डबा लागतो ना? मग पाचला मी फोन धरू की कणीक मळू?

आम्ही गप्प. खरं सांगायचं तर तेव्हा राग आला. मग लाज वाटली. आमचा 'पहिला अर्धा तास' त्यांच्या पहिल्या अर्ध्या तासावर उभा होता. देवाला आम्ही जे देत होतो ते आमचं नव्हतंच.

पुढे जे बदललं ते अगदी साधं आहे. सांगण्यासारखं मोठं काही नाही. फोनची वेळ रात्री जेवणानंतर गेली. पहाटे ज्याला जमेल तो ओट्यापाशी उभा राहून शुभवर्तमान मोठ्यानं वाचतो, दुसरा पोळ्या लाटतो, आणि आठवड्यातून काही दिवस पाळी बदलते. पुरुषांच्या पोळ्यांचे नकाशे होतात, ते आम्ही इथे दाखवत नाही. (हशा) पण ऐकणं हीच शास्त्राची जुनी पद्धत आहे. छापील पुस्तकं घरोघर येण्याआधी लोक वचन ऐकतच होते. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं जे भाषांतर केलं, त्यामागे हाच विचार होता की खेड्यातल्या साध्या बाईला ते कळावं. ती विद्वान बाई, संस्कृत पंडिता, शेवटच्या वर्षांत सोप्या मराठीसाठी झिजली. 1922 मध्ये काम संपवून ती गेली, आणि 1924 साली ते बायबल बाहेर आलं. मुक्तीतल्या बायकांनीच छापखान्यात त्यासाठी हात काळे केले. वचन सगळ्या घराचं व्हायचं तर आधी ते सगळ्या घराला ऐकू यायला हवं, हे रमाबाईंना कळलं होतं.

आणि गाडीत? जागा मिळाली तर वाचतो. नाही मिळाली तर आदल्या रात्रीचं आठवतो. आपल्या गाड्यांतली भजनी मंडळं पाहिलीत ना, टाळ घेऊन उभ्यानं गाणारी? देवाला गर्दी चालते, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

ठाण्याचे दोन नमुने

शेवटाकडे येताना ठाण्याबद्दल. 1321 साली याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू आपल्या विश्वासापायी मारले गेले. देव आधी म्हणजे जिवाच्याही आधी, असा तो नमुना. आम्ही त्यापुढे मान वाकवतो. पण तो नमुना आपल्या वाट्याला रोज येत नाही. रोज येतो तो दुसरा प्रश्न, त्या 'नीतिमत्त्व' शब्दाचा. मूळ शब्दात न्याय, सरळ वागणूक, योग्य नातं हे सगळं आहे. मराठीत 'नीतिमत्त्व' म्हटलं की आपल्याला सिगारेट आणि सिनेमा आठवतो. न्याय आठवत नाही.

दुसरा नमुना फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचा. वसई 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती, म्हणून त्यांना आपलं म्हणायचा हक्क आम्ही घेतो. त्यांनी 'सुबोध बायबल' दिलं, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. पण त्याच माणसानं हरित वसईच्या चळवळीत जमीन आणि पाण्यासाठी धनदांडग्यांशी उघड भांडण घेतलं. काहींना वाटलं फादरांनी वेदी सोडून रस्त्यावर का यावं. आमच्या वाचनात ते वेदी सोडून आलेच नव्हते. वचनातली दोन नावं त्यांनी एकत्र वाचली, राज्य आणि न्याय. उद्याच्या पाण्याची काळजी करू नका असं तहानलेल्या माणसाला नुसतं सांगायचं नसतं, त्या काळजीत त्याच्या बाजूला उभं राहायचं असतं.

जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळ चालत्या लोकलमधून माणसं पडून गेली. त्यानंतरच्या रविवारी काळजी करू नका हे वचन आम्हाला वाचवेना. दारात लटकणाऱ्या माणसाला सांगायचं काय? मग लक्षात आलं की इथेही 'तुम्ही' आहे. एकमेकांना दारातून आत ओढून घेणाऱ्या माणसांना उद्देशून ते बोललं गेलंय.

प्रश्नोत्तरातून

*एका श्रोत्यानं विचारलं: मग संन्यास, त्याग, सगळं सोडून येशूमागे जाणं, हे तुम्ही नाकारता का? शिष्यांनी जाळी सोडलीच होती.*

नाही नाकारत. जाळी सोडली हे खरं. पण त्याच शुभवर्तमानात येशू पेत्राच्या घरी जातो आणि त्याच्या तापलेल्या सासूला बरं करतो. सोडून आलेल्याच्या घरी देव स्वतः जाऊन आला. त्याग करणाऱ्यानं एवढं बघावं की आपल्या मागे घरात कुणाला ताप आलाय.

*एका मुलीनं विचारलं: आमच्या घरात मीच पहाटे उठून सगळं करते आणि मग बायबलला वेळ मिळत नाही म्हणून अपराधी वाटतं. मी काय करू?*

ताई, अपराधी तुम्ही नाही. सहावा अध्याय आज रात्री जेवताना सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. 'तुम्ही' आलं की थोडं थांबा, आणि ताटांवरून नजर फिरवून मग पुढे वाचा. वाचून झाल्यावर उद्याच्या डब्याचं कोण बघणार हे विचारा. उत्तर काय येतं ते आम्हालाही कळवा. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू.